डीजे व्हायचंय? आधी ठोके मोजायला शिका!



"मोठेपणी कोण होणार?" असं वर्गात विचारलं की पोलीस, डॉक्टर, कलेक्टर यांच्या जोडीला हल्ली "डीजे" हेही उत्तर येतं. आपल्या नांदेड-लातूरकडे डीजे म्हणजे वरातीत, मिरवणुकीत गाडीवर रचलेली साउंड बॉक्सची भिंत. त्यामुळे पालकांच्या कपाळावर लगेच आठ्या पडतात. पण मुलाला गप्प बसवण्याआधी हा शब्द नीट समजून घेऊ.

डीजे म्हणजे कोण?
डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे गाण्याची तबकडी. तबकड्या निवडून, एकीला दुसरी जोडून वाजवणारा तो डीजे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. तिथे तबकड्या वाजवल्या तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन त्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवायची युक्ती त्याची. हिप-हॉपची सुरुवात तिथून मानतात.

काय लागतं?
दोन टर्नटेबल, मधे मिक्सर आणि हेडफोन. टर्नटेबल थेट मोटारीवर फिरणारं हवं. पट्ट्यावरचं असेल तर हाताने थांबवून सोडल्यावर वेग पकडायला वेळ लागतो. आजोबांच्या पेटीतल्या ७८ वेगाच्या लाखेच्या तबकड्या मात्र सरावाला घेऊ नका. त्या पडल्या की फुटतात आणि त्यांना सुईही वेगळी लागते.

यात गणित कुठंय?
एलपी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. मग एका फेऱ्याला किती सेकंद? ६० ÷ ३३⅓ = १.८ सेकंद.
एका गाण्यात मिनिटाला १०० ठोके, दुसऱ्यात १०५. पहिल्याचा वेग किती वाढवावा? ५ टक्के. झाला शेकडेवारीचा पाठ!
पण वेग वाढला की सूरही चढतो. साधारण ६ टक्के वाढवला तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमधे जातं. आणि केरवा ८ मात्रांचा, दादरा ६ मात्रांचा. वेग जुळला तरी हे दोन एकमेकांत बसत नाहीत. हे यंत्र सांगत नाही, कानच सांगतो.

कान जपायचे
म्हणूनच डीजेचं खरं भांडवल म्हणजे कान. ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत चालतो, असा अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा निकष आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला किती उरते? मुलांनाच काढू द्या. उत्तर येतं फक्त १५ मिनिटं! भिंतीला टेकून नाचणाऱ्या पोराला हे गणित त्याच्या स्वतःच्या हाताने करू द्यावं. आपल्या रागावण्यापेक्षा ते जास्त पटतं.

उपक्रम
१. लेझीम किंवा हलगीचा ताल लावा. १५ सेकंदांतले ठोके मोजून ४ ने गुणा.
२. दोन गाण्यांचे ठोके काढून फरक टक्क्यांत मांडा.
३. एका गटाने केरवा, दुसऱ्याने दादरा टाळ्यांवर धरा. पहिला ठोका एकत्र सुरू केला, तर पुन्हा एकत्र केव्हा येतो? (६ आणि ८ चा लसावि, म्हणजे २४ मात्रांनी.)

टर्नटेबल महाग आहे, ते नंतर बघू. टाळ्या फुकट आहेत. ज्याला ताल मोजता आला, त्याची डीजेची पहिली पायरी झाली. उद्याच्या तासाला करून बघा.