दाढेतील पांढरे भरण

तुमच्या आजोबांनी मोठी जांभई दिली, की त्यांच्या दाढेत करड्या रंगाचे ठिगळ दिसते का? ‘दाढेत चांदी भरली आहे,’ असे लोक म्हणतात. खरे तर त्या मिश्रणात सुमारे निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील व तांबे. पारा पर्यावरणाला घातक, म्हणून २०१३ च्या मिनामाता करारात या भरणाचा वापर कमी करण्याचे ठरले. आता पुष्कळदा दाताच्याच रंगाचे ‘काँपोझिट’ भरतात.

काँपोझिट म्हणजे कृत्रिम राळ आणि काचेची अतिशय बारीक पूड यांचे मिश्रण. अशी राळ अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी तयार केली. तिचे पेटंट त्यांना १९६२ साली मिळाले. पण ती दाताला चिकटते कशी? गुळगुळीत भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी टाचे मारतो ना? तसेच येथे फॉस्फोरिक आम्ल करते. दाताच्या टणक कवचावर त्याने सूक्ष्म खळगे पडतात. पातळ राळ त्यांत शिरून घट्ट बसते. ही युक्ती मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली.

भरताना काँपोझिट मऊ असते. निळा प्रकाश पाडला, की काही सेकंदांत ते टणक होते. कारण राळेचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात. अडचण येथेच आहे. मैदानावर सुटी उभी असलेली मुले हात धरून उभी राहिली, की जवळ येतात व कमी जागा व्यापतात. रेणूंचेही तसेच! टणक होताना काँपोझिट साधारण दोन-तीन टक्के आकसते. त्यामुळे भरण दाढेच्या भिंतीपासून सुटले, तर बारीक फट पडते. जंतूंना तेवढी वाट पुरते आणि भरणाखाली पुन्हा कीड लागते.

म्हणून दंतवैद्य खोल खड्डा सहसा एकदम भरत नाहीत. सुमारे दोन मिलिमीटरचा थर, त्यावर प्रकाश, मग दुसरा थर. त्यामुळे प्रकाशही तळापर्यंत पोचतो. शिवाय दाढ कोरडी हवी. लाळ लागली, तर पकड सैल होते. यासाठी दाढेभोवती रबराचा पातळ पडदाही ताणतात.

तोंड इतका वेळ उघडे का ठेवायला लावतात, हे आता कळले ना? भरलेली दाढ उत्तम काम देते; पण मूळच्या दाढेची सर तिला नाही. आज रात्री ब्रश अगदी शेवटच्या दाढेच्या खाचांपर्यंत न्या!