जुनी गाडी जॅकवर घेताना: आधी घोडी, मगच गाडीखाली



पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या आधी बरेच सभासद घरची जुनी गाडी दारातच दुरुस्त करून घेतात. ब्रेक शू बदलणं, ग्रीस मारणं, लोंबकळणारा सायलेन्सर बांधणं, अशी कामं. कामं अवघड नाहीत. पण त्यासाठी गाडी वर उचलावी लागते, आणि खरा धोका तिथेच आहे. मारुती 800 सारखी हलकी गाडीही साधारण साडेसहाशे किलोची असते, बोलेरो त्याच्या दुपटीहून जास्त. एवढं वजन छातीवर आलं तर माणसाला हाक मारायलाही श्वास उरत नाही. म्हणून आजचा पाठ शेवटपर्यंत वाचा आणि घरात जो गाडीचं काम करतो त्यालाही वाचून दाखवा.

*एकच नियम पाठ करा*
जॅक गाडी *उचलण्यासाठी* असतो, *धरून ठेवण्यासाठी* नाही. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात, काहीच घालायचं नाही. "दोनच मिनिटांचं काम आहे" म्हणूनसुद्धा नाही.

कारण समजून घ्या. गाडीसोबत येणारा कात्रीसारखा उघडणारा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याचं बूड लहान, गाडी थोडी पुढेमागे सरकली की तो आडवा होतो. तेलावर चालणारा बॉटल जॅक ताकदवान असतो, पण त्याचं सगळं वजन आतल्या तेलावर आणि रबरी सीलवर असतं. सील जुनं झालं की जॅक हळूहळू बसतो, फाटलं तर एकदम बसतो. आधी सांगून बसत नाही.

*1️⃣ जागा कशी निवडायची?*
सपाट आणि कडक जमीन हवी. सिमेंटचा कोबा सगळ्यात चांगला. नांगरट, काळी माती, ओलं अंगण, शेणखताच्या उकिरड्याजवळची जागा नको. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर फरशी मधोमध तडकते. उन्हाळ्यात डांबरी रस्ता मऊ पडतो, त्यात स्टँडचे पाय रुततात.

मातीवरच काम करायची वेळ आली तर जॅकखाली आणि स्टँडखाली जाड फळी घ्या. साधा हिशोब बघा:
▪️ समजा गाडीच्या एका कोपऱ्याचं वजन 450 किलो आणि जॅकचं बूड 10 बाय 10 सें.मी. म्हणजे 100 चौ. सें.मी. दर चौ. सें.मी. वर 4.5 किलो भार.
▪️ तोच जॅक 30 बाय 30 सें.मी. फळीवर ठेवला तर 900 चौ. सें.मी. दर चौ. सें.मी. वर अर्धा किलो भार.
भार नऊ पटीने कमी झाला. पण फळी अखंड, सुकी आणि निदान दोन इंच जाड हवी. पातळ प्लायवूड मधेच मोडतो.

*2️⃣ गाडी सरकू नये म्हणून*
हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, पण एवढ्यावर विसंबू नका.
▪️ बहुतेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला.
▪️ काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. तिथे मागचं एक चाक जरी जमिनीवरून सुटलं तरी डिफरन्शियलमुळे गाडी घरंगळू शकते.
▪️ गिअरचंही तसंच. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यातलं एक उचललं की गिअर गाडी धरत नाही.

म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार आहेत त्यांना *पुढून आणि मागून* लाकडी पाचर किंवा मोठा दगड घट्ट लावा. पुढची बाजू उचलायची तर मागच्या चाकांना, मागची उचलायची तर पुढच्या चाकांना. गोल गोटा नको, तो चाकाबरोबर लोळतो.

*3️⃣ जॅक कुठे लावायचा?*
▪️ *मारुती 800, अल्टो सारख्या गाड्या:* यांना वेगळी चेसिस नसते. दाराखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, जॅकसाठी जाड केलेली जागा असते. तिथेच जॅक लावायचा.
▪️ *बोलेरो, जीप, पिकअप:* यांना लोखंडी चेसिस असते. जॅक चेसिसच्या चॅनेलखाली, किंवा मागे ॲक्सलखाली पाट्याच्या शेजारी.
❌ इंजिनाचा ऑईल चेंबर, गिअरबॉक्स, इंधनाची टाकी, स्टिअरिंगचे रॉड, गाडीचा तळपत्रा यांखाली कधीही लावू नका.

*जुन्या गाडीत गंज आधी बघा.* आपल्या गाड्यांतून खताची पोती जातात, चिखल आत साचून राहतो. खताचे क्षार आणि ओल मिळून पत्रा आतून खातात. वरून रंग शाबूत दिसतो. जॅकच्या जागेवरची माती तारेच्या ब्रशने काढा, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं तर तिथे जॅक लावायचा नाही. आधी वेल्डिंगवाल्याकडून ती जागा पक्की करून घ्या.

*4️⃣ उचलण्याचा क्रम*
1. गाडीतली माणसं, लहान मुलं आणि सामान खाली उतरवा. वासरू, कुत्रं जवळ असेल तर लांब बांधा.
2. चाक काढायचं असेल तर नट *जमिनीवरच* अर्धा फेरा सैल करा. गाडी वर असताना पान्याला जोर दिला तर गाडी जॅकवरून घसरते.
3. जॅक सरळ उभा ठेवा. थोडं उचला, थांबा, जॅक तिरका होतोय का बघा, मग पुढे.
4. लागेल तेवढंच उचला. जितकी उंच, तितकी डळमळीत.
5. लगेच चेसिसखाली किंवा पक्क्या जागेखाली लोखंडी स्टँड, म्हणजे घोडी, लावा. तिची खीळ किंवा दाता पूर्ण बसलाय ना, बघा.
6. जॅक हळूच सोडून गाडीचं वजन घोडीवर येऊ द्या. जॅक तिथेच हलका टेकलेला ठेवा.
7. आता बाहेर उभं राहून गाडीला हाताने हलवून बघा. हलली तर खाली घ्या आणि पहिल्यापासून लावा.
8. काढलेलं चाक गाडीच्या काठाखाली आडवं सरकवून ठेवा. सगळं फसलं तरी तेवढी जागा जीव वाचवते.

❌ *घोडीऐवजी हे चालणार नाही:* विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, दगडांची चळत. वीट आणि ब्लॉक वाकत नाहीत, एकदम फुटतात.

*5️⃣ काम चालू असताना*
▪️ एकट्याने काम नको. घरातलं कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं. मोबाईल खिशात ठेवा.
▪️ गाडी वर असताना इंजिन चालू करू नका, दार आपटू नका.
▪️ खाली घेताना आधी जॅकने थोडं उचला, घोडी काढा, मग जॅक सावकाश सोडा. नट समोरासमोरचे आवळत जा आणि शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर द्या. थोडी गाडी चालवून झाल्यावर नट पुन्हा तपासा.

*🚨 अपघात झालाच तर*
माणसाला ओढू नका. एकाने लगेच *108* ला फोन लावा, दुसऱ्याने चाकांना दगड लावून दुसऱ्या जॅकने गाडी सरळ वर उचला आणि आधार द्या. सुटका झाल्यावर तो "बरं वाटतंय" म्हणाला तरी दवाखान्यात न्याच. आतला मार बाहेरून दिसत नाही.

*घोडीची खरेदी*
घोडी जोडीने घ्या. तिच्यावर लिहिलेली क्षमता एका घोडीची आहे की जोडीची, ते नीट वाचा. क्षमता गाडीच्या वजनापेक्षा जास्तच असावी. एकट्याला परवडत नसेल तर चार-पाच सभासदांनी मिळून एक जोडी घ्या. फवारणी पंप आळीपाळीने वापरतो, तशीच ही वापरता येते.

*📝 स्वतःला विचारा*
▪️ जमीन कडक आहे का?
▪️ जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावला का?
▪️ जॅकची जागा गंजलेली नाही ना?
▪️ वजन घोडीवर आहे की अजून जॅकवरच?
▪️ जवळ कुणी आहे का?

पाचातलं एकही उत्तर "नाही" आलं किंवा वजन अजून जॅकवरच असलं, तर गाडीखाली शिरायचं नाही. काम उद्या होईल किंवा गॅरेजवाला करेल.

शंका असेल तर गाडी कोणती आणि काम कोणतं ते लिहून, जॅकच्या जागेचा फोटो काढून या नंबरवर पाठवा. हा संदेश आपल्या गावातल्या गटावरही टाका.

— आपली शेतकरी उत्पादक कंपनी, सल्ला विभाग 🌾