ट्रॉलीला कड्या बसवा, दोर फाळक्याला बांधू नका



गळीत हंगामापूर्वी आपण ट्रॉलीची चाके, बेअरिंग, जोडपिन हे सारे पाहून घेतो. पण मालावरून टाकलेला दोर शेवटी कशाला बांधला जातो, इकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. गटागटांतून फिरताना आम्हांला बहुतेक ट्रॉल्यांचा दोर फाळक्याच्या बिजागरीला, खटक्याला नाहीतर फाळक्यावरच्या उभ्या पट्टीला बांधलेला दिसतो. फाळका हा माल घरंगळू नये म्हणून असतो. दोराचा ताण सोसायला तो केलेला नसतो. बिजागरीची पिन निसटली की फाळका, दोर आणि माल एकदमच रस्त्यावर येतात.

रस्त्यात पडलेल्या मोळीचे वजन काट्यावर येत नाही, हे नुकसान झाले आपले. पण अंधारात मोटारसायकलवरून मागून येणाऱ्याला ती मोळी दिसत नाही, आणि ते नुकसान भरून देता येत नाही. दोर कितीही चांगला असला तरी तो जिथे बांधला, त्या जागेइतकाच पक्का. म्हणून ट्रॉलीच्या चौकटीलाच कड्या बसवाव्यात. त्याची रीत येथे देत आहोत.

ताण किती येतो?

उभ्या ट्रॉलीत मालाचे वजन फक्त खाली असते. जोराचा ब्रेक लागला की माल पुढे धावतो. त्यासाठी वजनाच्या दहापैकी आठ हिस्से जोर धरून चालावे. वळणावर बाजूला निम्मा. डीएपीची ५० किलोची ५० पोती म्हणजे २५०० किलो. ब्रेकला पुढे २००० किलो आणि वळणावर बाजूला १२५० किलोचा जोर धरावा. म्हणून पोती पुढच्या फाळक्याला भिडवून रचावीत, मध्ये पोकळी ठेवू नये. सर्व दोरांची सुरक्षित ताकद मिळून मालाच्या निम्म्या वजनाहून कमी नसावी, म्हणजे या मालाला १२५० किलो.

दोराचा कोनही महत्त्वाचा. मालावरून दोर सरळ खाली उतरला तर सगळा ताण माल दाबण्याच्या कामी येतो. तोच जमिनीशी ३० अंशांत तिरपा गेला तर निम्माच उपयोगी पडतो.

कड्या किती व कोठे?

दहा फुटी हौद्याला एका बाजूस चार, दोन्ही बाजू मिळून आठ कड्या पुरतात. पहिली पुढच्या टोकापासून एक फुटावर, शेवटची मागच्या टोकापासून एक फुटावर, आणि मधल्या आठ फुटांत आणखी दोन. म्हणजे दोन कड्यांत अंतर सुमारे २ फूट ८ इंच येते. डाव्या-उजव्या कड्या समोरासमोर याव्यात. हौद्याखालचा आडवा चॅनेल बाजूच्या चॅनेलला जिथे मिळतो, त्याच्या जवळपासची जागा सर्वांत भक्कम. वेल्डिंगपूर्वी फाळका खाली सोडून पाहावा. कडीवर आपटत असेल तर जागा सरकवावी.

टिपिंग ट्रॉली असेल तर कड्या वरच्या हौद्याच्या चौकटीलाच हव्यात. खालच्या चासीला बांधलेला दोर सोडायचा राहिला आणि जॅक उचलला, तर दोर तरी तुटेल नाहीतर जॅक तरी वाकेल.

कडी कशी करावी?

१. पाच सुती, म्हणजे १६ मिलिमीटरची साधी गोल सळई घ्यावी. स्लॅबची उरलेली पिळाची सळई वापरू नये. तिच्या धारा दोर कापतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तिची ताकद उतरते.

२. सळई लाल तापवून दोन इंची पाइपावर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवावी. थंड सळई घणाने ठोकून वाकवू नये.

३. कडीचे दोन्ही पाय बाजूच्या चॅनेलच्या उभ्या अंगाला दोन-दोन इंच लांब चिकटवावेत आणि प्रत्येक पायाला दोन्ही कडांनी दोन सुती वेल्डिंग करावे. सळईची टोके चॅनेलवर उभी ठेवून भोवती नुसता टाका मारून चालत नाही. वाकडा भाग चॅनेलच्या खाली दोन इंच लोंबावा, म्हणजे दोर व हूक सहज जातात. चॅनेलच्या खालच्या आडव्या पट्टीवर वेल्डिंग करू नये. तिथून चीर सुरू होते.

४. आधी रंग व गंज घासून काढावा. नंतर रेड ऑक्साईड आणि वर पिवळा रंग द्यावा.

अशी कडी याहून जास्त सोसते, पण हिशेबाला एका कडीवर ५०० किलोच धरावेत. ५०० किलो सुरक्षित ताकदीचे चार दोर आडवे टाकले की २००० किलो होतात. वरील पोत्यांना ते पुरेसे आहेत.

वेल्डिंगच्या वेळी

ट्रॅक्टर सोडून बाजूला न्यावा. पाचट झाडून काढावे आणि पाण्याची बादली जवळ ठेवावी. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळ लावावा. करंट चाकाच्या बेअरिंगमधून जाता कामा नये. टायरजवळ उष्णता लागली तर टायर फुटून जीव जाऊ शकतो.

दोर बांधताना

सगळ्या कड्यांतून एकच लांब दोर नागमोडी ओवण्याची सवय सोडा. तो एका जागी तुटला की सगळा माल मोकळा. प्रत्येक जोडीला वेगळा दोर घ्यावा. गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, म्हणून गाठी कमीत कमी ठेवाव्यात. रॅचेटचा पट्टा मिळाला तर उत्तमच. लोखंडी कडेवरून दोर जात असेल तर खाली गोणपाट घालावे. निघाल्यावर दोन-तीन किलोमीटरवर थांबून दोर पुन्हा ओढावा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो.

पहिल्या तीन खेपांनंतर प्रत्येक कडी पाहावी. वेल्डिंगशेजारी रंगाला बारीक रेघ पडलेली दिसली तर ती चीर समजून कडी पुन्हा करून घ्यावी.

आणि एक. कड्या बसवल्या म्हणून माल वाढवायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीप्रमाणे बाजूला, पुढे-मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेलेल्या मालास २०,००० रुपये दंड आहे. बांधलेल्या मालावर माणूस तर कधीच बसवू नये.

आठ कड्यांचे काम वेल्डरकडे एका दिवसात होते. पावसाळ्यात ट्रॉली घरी उभी असते तेव्हाच ते उरकावे. कड्यांच्या जागा ठरवताना अडचण वाटल्यास आपल्या गट कार्यालयात विचारावे. आमचे शेतकी मदतनीस वस्तीवर येऊन जागा आखून देतील.

— ऊस विकास अधिकारी