चाकोचे युद्ध न्याय्य होते का?



'आमची जमीन दुसऱ्याने घेतली, मग लढायचे नाही का?' हा प्रश्न बांधावरून भांडणाऱ्या भावकीत उठतो, तसाच देशादेशांतही उठतो. त्याच्या अभ्यासासाठी आपण दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया व पॅराग्वे यांचे चाकोचे युद्ध (१९३२-३५) घेऊ. दोन्ही देश कॅथलिक, हे आधीच सांगितलेले बरे.

चाको म्हणजे काटेरी रानाचा, पाण्यावाचून होरपळणारा सपाट मुलूख. स्पेनच्या राजवटीपासून त्याची हद्द नीट आखलेली नव्हती. बोलिव्हियाने आपला समुद्रकिनारा चिलीबरोबरच्या युद्धात गमावला होता. पॅराग्वे नदीवाटे समुद्र गाठावा, ही त्याची गरज काही खोटी नव्हती. त्यात चाकोखाली तेल असल्याची बोलवा! जून १९३२ मध्ये बोलिव्हियाच्या तुकडीने पितियान्तुता तळ्याकाठचे पॅराग्वेचे ठाणे घेतले आणि लवकरच युद्ध पेटले.

न्याय्य युद्धाचा विचार ख्रिस्तसभेत संत अगस्तीनपासून चालत आला आहे. आजच्या धर्मशिक्षण ग्रंथात (क्र. २३०९) त्याच्या अटी दिल्या आहेत. आक्रमणाने होणारी हानी टिकाऊ, गंभीर व निश्चित हवी. बाकीचे सर्व मार्ग खुंटलेले हवेत. यशाची खरी आशा हवी. आणि शस्त्रांमुळे मूळ अन्यायाहून मोठा अनर्थ होता कामा नये. आपल्याला गरज आहे म्हणून दुसऱ्याचे घ्यावे, अशी अट त्यात नाही. आमच्या मते बोलिव्हिया पहिल्याच अटीला अडतो.

पॅराग्वेची बाजू भक्कम होती, कारण ठाणे त्याचे गेले होते. पण डिसेंबर १९३३ च्या मोठ्या विजयानंतर शस्त्रसंधी झाली, ती जेमतेम तीन आठवडे टिकली. पुढे त्याचे सैन्य चाको ओलांडून पारापिती नदीपर्यंत गेले. तिथवरच्या लढाईला स्वसंरक्षण म्हणणे आम्हांला जड जाते.

सुमारे एक लाख माणसे मेली. अँडीजच्या थंड पठारावरचे आयमारा व केचुआ शेतकरी त्या उष्ण रानात आणले गेले. कित्येकांना गोळीने नव्हे, तहानेने आणि रोगाने गाठले. १९३८ च्या तहाने वादातल्या मुलखाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पॅराग्वेला मिळाला. मोठा तेलसाठा मात्र तिथे निघाला नाही.

सीमेच्या अंतिम आखणीवर दोन्ही राष्ट्राध्यक्षांची मान्यता आली ती थेट एप्रिल २००९ मध्ये. त्यांतले पॅराग्वेचे फर्नांडो लुगो हे पूर्वी बिशप होते.