अकबराचा दीन-ए-इलाही



"फादर, सगळे धर्म शेवटी एकच ना?" हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो, विशेषतः ज्या घरात दोन धर्मांची सोयरीक झाली आहे तेथून. एका बादशहाने तो फार मनावर घेतला होता.

अकबराने १५६४ साली जिझिया कर उठवला. १५७५ साली फत्तेपूर सिक्रीस इबादतखाना बांधला. तेथे मौलवींबरोबर पुढे ब्राह्मण, जैन व पारशी विद्वानही चर्चेस बसू लागले. १५७९ साली त्याने गोव्यास दूत पाठवून ख्रिस्ती धर्मगुरू मागवले. येशूसंघाचे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे दोन सोबती १५८० साली सिक्रीस पोहोचले. त्यांनी नजर केलेले बायबलचे खंड बादशहाने मस्तकी धरले. तो आता बाप्तिस्मा घेणार, अशी त्यांना आशा वाटली. ती फोल ठरली.

१५८२ च्या सुमारास निघाला तो दीन-ए-इलाही. खरे तर धर्म कसला, बादशहाच्या शिष्यांचे मंडळच ते! संपत्ती, प्राण, अब्रू आणि धर्म या चारही गोष्टी बादशहासाठी सोडण्याची तयारी शिष्याने दाखवायची. अशा शिष्यांची अठराच नावे सांगितली जातात. त्यांत हिंदू एकटा बिरबल. राजा मानसिंगाने मात्र साफ सांगितले, की प्राण तर आधीच हाती घेतला आहे. पण धर्म म्हणाल तर मी हिंदू आहे, हुकूम असेल तर मुसलमान होईन, तिसरी वाट मला ठाऊक नाही. १६०५ साली अकबर वारला आणि ते मंडळही विरले.

आपल्या कुही तालुक्यात आंभोऱ्याला पाच नद्या मिळतात. पाणी सहज मिसळते. श्रद्धा तशी मिसळत नाही, कारण ती परमेश्वराला दिलेला शब्द असते. म्हणून इतरांचा शब्द खोटा ठरत नाही. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली जाहीर केले. सासरच्या देव्हाऱ्यापुढे आदराने उभ्या राहणाऱ्या आमच्या मुलीने रविवारची मिस्सा सोडू नये, एवढेच आमचे मागणे.

फादर आक्वाविवा १५८३ साली गोव्यास परतले. त्याच वर्षी २५ जुलै रोजी कुंकळ्ळी येथे येशूसंघाच्या चार सोबत्यांसह ते मारले गेले. १८९३ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्य घोषित केले. पोर्तुगीजांनी त्या गावकऱ्यांची देवळे आधी पाडली होती, हेही धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना सांगितले पाहिजे. मोगल दरबारात तीन वर्षे फादरांच्या केसालाही धक्का लागला नव्हता.