वारंवार होणारी ‘उन्हाळी’ आणि जुनी चिठ्ठी

हिशेबाच्या पानांसोबत एखाद्या आजाराची माहिती द्यावी, असा या अहवालाचा प्रघात आहे. यंदा निवडलेल्या विषयावर घरातही दबक्या आवाजात बोलले जाते. तरुण मुलींना व नवविवाहितांना वारंवार होणारी लघवीची जळजळ आणि अंगावरून पांढरे जाणे, हा तो विषय होय.

या दोन तक्रारी शेजारच्या असल्या तरी एक नव्हेत. लघवीला आग होणे, सारखे जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे ही बहुधा मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे असतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांबीचा असल्याने आतड्यातील ई. कोलाय हे जंतू सहज आत पोहोचतात. लग्नानंतर हा त्रास सुरू होणे किंवा वाढणे नेहमीचेच आहे; त्यावरून सुनेच्या स्वच्छतेस बोल लावणे अन्यायाचे ठरते.

पांढरे जाण्याची कारणे निराळी. दह्यासारखा स्राव व तीव्र खाज असल्यास बहुधा कॅन्डिडा ही बुरशी असते. मासळीसारखा वास येत असल्यास योनिमार्गातील हितकारक लॅक्टोबॅसिलस जंतू घटून इतर जंतू वाढल्याची शंका घ्यावी लागते. ट्रायकोमोनास हा परजीवी तर शरीरसंबंधातून येतो व पतीवरही उपचार करावे लागतात. बुरशीची औषधे उरलेल्या दोन्हींच्या औषधांहून वेगळी आहेत. एकीवरची गोळी दुसरीस लागू पडेलच असे नाही. इतकेच नव्हे, तर लघवीच्या त्रासासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांमुळे हितकारक जंतू मरून बुरशी बळावू शकते. मग मुलगी म्हणते, “एक बरे झाले की दुसरे सुरू होते.”

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. उपचार हा डॉक्टरांचा प्रांत. परंतु खर्चाची बाजू आमच्या नजरेस पडते. जुनी चिठ्ठी दुकानात दाखवून गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत आराम पडताच त्या बंद करायच्या, आणि त्रास उलटला की पुन्हा तीच चिठ्ठी. रक्कम दरवेळी किरकोळ वाटते, म्हणून तिची बेरीज कोणी मांडत नाही. दरम्यान जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि जे गोळ्यांवर भागले असते, त्यासाठी सलाईनमधून इंजेक्शने घेण्याची वेळ येऊ शकते.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाल्यास तो ‘वारंवार’ समजला जातो. अशा वेळी औषध सुरू करण्यापूर्वी लघवीचे कल्चर करावे. अहवालास साधारण दोन-तीन दिवस लागतात. नमुना दिल्यावर डॉक्टर त्याच दिवशी उपचार सुरू करू शकतात. नमुना जागा स्वच्छ करून, पहिली धार सोडून मधल्या धारेचा, प्रयोगशाळेच्या निर्जंतुक डबीतच द्यावा. घरातील धुतलेली बाटली चालत नाही. बुरशी वारंवार होत असल्यास रक्तातील साखरही पाहावी.

पाण्याचा उपाय आजीबाईंचा म्हणून हसण्यावारी नेऊ नये. दिवसाला दीड लिटरहून कमी पाणी पिणाऱ्या, वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांनी रोज दीड लिटर जादा पाणी घेतले, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. पण दुकानात दिवसभर उभी राहणारी किंवा एस.टी.ने कॉलेजला जाणारी मुलगी पाणी टाळते, ते स्वच्छतागृह नसते म्हणून. शाळेला देणगी देताना दात्यांनी प्रवेशद्वाराच्या कमानीआधी मुलींच्या स्वच्छतागृहातील नळाची चौकशी करावी, एवढे सुचवावेसे वाटते.

पतीने मात्र बाहेरच्या बाकावर थांबून भागत नाही. वासयुक्त स्रावाच्या तक्रारीत पतीला औषध देण्याची गरज नाही, असे पूर्वी मानले जाई. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जोडीदारावरही उपचार केल्यावर १२ आठवड्यांत आजार उलटण्याचे प्रमाण ३५ टक्के राहिले. केवळ स्त्रीवर उपचार केल्यास ते ६३ टक्के होते.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीतून रक्त आढळल्यास, तसेच गरोदरपणी जळजळ झाल्यास, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. येताना जुनी चिठ्ठी अवश्य आणावी; कोणती औषधे घेऊन झाली, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.