आधी अंगाखालचं बघा

ऑक्टोबरात व्हॅन घेऊन स्पितीला निघालाय, तर रजया-ब्लँकेटांच्या खरेदीला लागण्याआधी माझं थोडं ऐकून घ्या, पोरांनो. काझा साधारण ३,६५० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर वर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी गार होते, हा ढोबळ हिशेब. त्यात तिथली हवा कोरडी, आभाळ मोकळं. सूर्य डोंगराआड गेला की बघता बघता बोटं आखडायला लागतात. त्या दिवसांत रात्री पारा शून्याखाली उतरतो. आणि व्हॅन कितीही सजवली तरी शेवटी पत्राच. इंजिन बंद केल्यावर हीटरची ऊब फार वेळ टिकत नाही, पुढे सकाळपर्यंत भरवसा अंथरूण-पांघरुणाचाच.

सगळे आधी पांघरूण घेतात. दुकानात रजई दाबून बघतात, जाड लागली की निर्धास्त होतात. तुम्ही आधी अंगाखालचं बघा. पैसे मोजकेच असतील तर निम्म्याहून जास्त तिथेच घाला. कारण साधं आहे. पांघरूण ऊब धरतं ते त्यात अडकून राहिलेल्या हवेमुळे. तेच अंगाखाली गेलं की वजनाने दबतं, हवा निघून जाते आणि उरतो नुसता कापडाचा थर. हजारो रुपयांची पिसांची स्लीपिंग बॅग असली तरी पाठीखाली तिचा उपयोग नाही. मग खालून थंडी चढत राहते आणि माणूस वरून एकावर एक पांघरुणं घेत राहतो.

म्हणून सगळ्यांत खाली, पलंगाच्या प्लायवर, ट्रेकिंगवाले पाठीवर गुंडाळून नेतात ती फोमची मॅट पसरा. तिची छिद्रं बंद असतात, त्यामुळे ती फारशी दबत नाही आणि पाणी पीत नाही. तिच्यावर चार इंची, घट्ट फोमची गादी. नुसती हवा भरायची गादी मात्र घेऊ नका. तिच्या पोकळीत हवा खेळत राहते आणि अंगाची ऊब खाली नेऊन सोडते. आतून थर दिलेल्या मॅट मिळतात, त्यांच्यावर आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याची ताकद, छापलेली असते. शून्याखालच्या थंडीला ती चारच्या वर हवी, पाच असेल तर उत्तम. आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. साध्या दोन मॅटमध्येही काम भागू शकतं.

घरातली कापसाची गादी नेण्याचा मोह आवरा. कापूस ओल धरतो आणि एकदा ओला झाला की त्या गारठ्यात लवकर वाळत नाही. घोंगडी मात्र आवर्जून न्या. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ असते. विणून झाल्यावर घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे ती नवी असताना पुठ्ठ्यासारखी ताठ वाटते. ती गादीवर पसरा, वर चादर घाला म्हणजे टोचणार नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊबही सोडत नाही. धनगर पावसाळाभर रानात तिच्या जिवावर राहतात ते उगीच नाही.

ओल हा थंडीचा जोडीदार आहे, आणि व्हॅनमध्ये ती बाहेरून येत नाही, तुमच्याच श्वासातून येते. दोन माणसं रात्रभरात पेल्या-दोन पेल्यांएवढं पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतात. सकाळी उठल्यावर गादीचा कोपरा उचलून खाली तळहात लावून बघा. पाठ आणि कंबर जिथे टेकलेली असते, तिथे प्लाय गार आणि ओलसर लागेल. पत्र्याच्या उघड्या पट्टीवर थेंब ओळीने उभे असतील, थंडी कडक असली तर ते गोठलेलेही असतील. हे रोज पुसायचं. गादी भिंतीला टेकवून तास-दोन तास उभी ठेवायची, पांघरुणं उन्हात झटकायची. स्पितीत ऊन कडक असतं, त्याचा फायदा घ्या. पलंगाला सलग प्लायऐवजी फटी ठेवून पट्ट्या मारून घेतल्यात तर खालून हवा खेळेल आणि बुरशीचं भय राहणार नाही. सुताराला एवढं काम अवघड नाही.

आता वरचं. गोधडी न्या. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांच्यामधली हवा, ही आपल्या आजीची युक्ती आजही खरी आहे. पण एकटी गोधडी तिथे पुरणार नाही. सोलापुरी चादर महाबळेश्वरला ठीक. स्पितीत ती स्लीपिंग बॅगच्या आत अस्तर म्हणून वापरा, बॅग मळणार नाही. बॅग घेताना लेबल नीट वाचा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे त्यावर तीन तापमानं दिलेली असतात: कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोणतंही असो, तुम्ही फक्त कम्फर्ट बघा. एक्स्ट्रीमचा आकडा जेमतेम जीव तगण्याचा आहे, झोपेचा नव्हे. कम्फर्ट उणे पाचच्या खालचं असेल तर ऑक्टोबर निभेल. पिसांची बॅग हलकी आणि गरम, पण ओली झाली की चोळामोळा होते. व्हॅनमध्ये वजनाची चिंता नाही, ओलीची आहे, म्हणून मी कृत्रिम तंतूंची जाड बॅग घेईन. ती दमटपणा जास्त सोसते आणि स्वस्तही पडते. दोघांना दोन वेगळ्या बॅगा घ्या. एकाच मोठ्या रजईत मधल्या फटीतून खांद्यांशी गार हवा शिरते आणि एकाने कूस बदलली की दुसऱ्याची पाठ उघडी पडते.

भिंतीला अंग टेकू देऊ नका, मध्ये एखादं ब्लँकेट टांगा. सर्वांत जास्त ऊब जाते ती पुढच्या मोठ्या काचेतून. ड्रायव्हरची जागा आणि बिछाना यांच्यामध्ये जाड पडदा हवाच. काचांच्या मापाने चंदेरी बबल शीट कापून आतून बसवा.

झोपताना दिवसभराचे कपडे अंगावर ठेवायचे नाहीत. घाम दिसत नाही, पण असतो. आतून कोरडे, सैल कपडे, कोरडे मोजे, कानटोपी. पांघरुणात तोंड घालून श्वास घेऊ नका, आतलं सगळं ओलं होईल. पांघरूण ऊब तयार करत नाही, तुमची धरून ठेवतं. तेव्हा गारठलेल्या अंगाने आत शिरू नका. जेवण नीट करा, वर शेंगदाण्याचा लाडू खा, थोडं चालून या. दारूने ऊब येते हा भ्रम आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि अंगातली ऊब बाहेर जाते. रबरी पिशवीत गरम पाणी, उकळतं नको, भरून कापडात गुंडाळा आणि झोपण्याआधी पायांशी ठेवा.

शक्य असेल तर जाताना मनालीऐवजी शिमल्याकडून किन्नौरमार्गे जा. कल्पा, नाको, ताबो असे टप्पे घेत जाल, शरीर उंचीला रुळेल आणि अंथरुणात काय कमी आहे ते काझाला पोचायच्या आधी कळेल.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगते. कितीही थंडी वाजली तरी गाडीत शेगडी पेटवून, गॅस चालू ठेवून किंवा इंजिन सुरू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून माणसं अशीच जातात. एक खिडकी रात्रभर दोन बोटं उघडी राहू द्या. तेवढ्याने वाफही निघून जाते. आणि बिछान्याजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. पांघरूण कमी पडलं तर वाटेत रामपूरच्या बाजारात लोकरीचं मिळेल. अलार्म मात्र घरूनच लावून, वाजतो की नाही ते बघून निघा.